पार्ट बंद झालाय, साहेब!

आमच्या घरात बाबांच्या वेळचा एक टेबलफॅन आहे. त्याची पाती पितळेची, बूड ओतीव लोखंडाचं आणि जाळी इतकी विरळ, की लहानपणी आम्हां भावंडांची बोटं शाबूत राहिली हा केवळ आईच्या देवभक्तीचा पुरावा. बाबांनी तो पहिल्या बोनसात घेतला होता. पुढे बोनस संपला, नोकरी संपली, बाबाही गेले. फॅन मात्र फिरत राहिला. तो गेल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात अचानक ‘घर्रर्र’ असा सूर लावून थांबला.

दुरुस्तीवाल्याने त्याचं पोट उघडलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं. “बुश गेलंय, काका.”

“मग नवीन टाका.”

“हे बुश आता येत नाही. कंपनीने पार्ट बंद केलाय. त्यापेक्षा नवा फॅन घ्या.”

बुश म्हणजे काय, हे बी. कॉम.ला शिकवत नाहीत. ते मला त्या दिवशी कळलं. अंगठ्याच्या पेराएवढं धातूचं नळकांडं; त्यात फॅनचा दांडा फिरतो. पाच किलोचा ऐवज त्या पेराएवढ्या वस्तूवाचून मेला होता! बोहरी आळी झाली, रविवारचा जुना बाजार झाला. सगळीकडे एकच उत्तर : “पार्ट बंद झालाय, साहेब.”

आता घरातली गोष्ट सांगायला हवी. आमच्या माळ्यावर बाबांचा एक डालड्याचा डबा होता. बाबा कुठलीही बिघडलेली वस्तू दुरुस्त करून आणत, तेव्हा काढून टाकलेला जुना पार्टही मागून आणत आणि कागदाच्या चिठ्ठीत गुंडाळून त्या डब्यात टाकत. झिजलेले वायसर, शिवणयंत्राची तुटकी कात्री, स्टोव्हची पिन. “मेलेले पार्ट कशाला ठेवता?” असं आई विचारायची. बाबा म्हणायचे, “नमुना असावा.” बाबा गेल्यावर अस्मादिकांनी माळा साफ केला आणि डबा भंगारवाल्याला वजनावर घातला. अकरा रुपये आले. घर मोकळं झालं म्हणून त्या दिवशी मी भजी खाल्ली होती.

शिवाय मी पडलो बँकेतला कारकून. जुन्या वस्तूविषयी आमच्या शास्त्रात ‘घसारा’ नावाची सोय आहे. टेबल आज घेतलं की ते दर वर्षी थोडं थोडं मरत जातं, आणि शेवटी वहीत त्याची किंमत एक रुपया उरते. तो एक रुपयाही दयेपोटी नव्हे, वस्तू हिशेबातून नाहीशी होऊ नये म्हणून. या हिशेबाने आमच्या फॅनची किंमत केव्हाच एक रुपया झाली होती. आणि खरं सांगायचं तर मीही नव्या फॅनचे भाव विचारू लागलो होतो.

एवढ्यात नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबर म्हणजे बँकेत पेन्शनरांचा मेळा. प्रत्येकाने आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा आणि आम्ही समोर बसलेल्या धडधाकट माणसाकडे बघून “बरं, सही करा” म्हणायचं. त्यात एक गृहस्थ होते मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डातून निवृत्त झालेले सुतार. बोलता बोलता मी त्यांना फॅनचं रडगाणं ऐकवलं. त्यांनी चष्मा पुसला. “साहेब, आमच्या गोदीत 1817 साली बांधलेलं लाकडी जहाज आजही पाण्यावर तरंगतंय. त्याचे पार्ट कोण पुरवत असेल? पार्ट बंद होत नसतो हो. माणसं बंद होतात.”

सही करून ते निघून गेले. मी मात्र त्या दिवसापासून जहाजांच्या मागे लागलो. समुद्र पाहिला की मला घेरी येते. पण घेरी न येता जे वाचता आलं, त्याचा जमाखर्च पुढे मांडतो.

ते जहाज म्हणजे ‘त्रिंकोमाली’. ब्रिटिश नौदलाने त्याची ऑर्डर 1812 च्या ऑक्टोबरात दिली. नेपोलियनशी लढून लढून इंग्लंडातला ओक खलास होत आला होता, आणि मुंबईच्या गोदीत मलबारचा साग आणि वाडिया घराण्याचे कारागीर दोन्ही हजर होते. या घराण्याचे लवजी नसरवानजी 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून गोदीतला मुख्य सुतार म्हटला की वाडिया, असं समीकरणच झालं होतं. जहाजाचे नकाशे ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेवर चढवून मुंबईला रवाना झाले. त्याच जहाजावर मुंबईत बांधल्या जाणाऱ्या दुसऱ्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रे होते, आणि मुंबईचे नियोजित लष्करी अधिकारी जनरल हिस्लॉपही होते. म्हणजे माल, कागद आणि साहेब, तिन्ही एकाच टपालाने.

हे ‘जावा’ जहाज मुळात फ्रेंच. इंग्रजांनी ते 1811 मध्ये पकडून, नाव बदलून वापरायला काढलं होतं. थोडक्यात सेकंडहँड गाडी. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 29 डिसेंबर 1812 रोजी त्याची गाठ पडली ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन युद्धनौकेशी. लढाईत ‘कॉन्स्टिट्यूशन’चं सुकाणूचं चाकच गोळ्याने उडालं. चाकावाचून जहाज म्हणजे हँडलवाचून स्कूटर. तरीही कप्तान बेनब्रिजने खाली माणसं उभी करून, ओरडून हुकूम देत, दोरांनी सुकाणू ओढवलं आणि लढाई जिंकली. ‘जावा’ इतकं मोडलं होतं की ते ओढून नेण्यात अर्थ नव्हता. पण पेटवून देण्याआधी अमेरिकनांनी त्याचं सुकाणूचं चाक काढून घेतलं आणि आपल्या जहाजाला बसवलं!

जुन्या बाजारात हिंडलेल्या माणसाला हा प्रसंग वाचून भरून येतं. भर समुद्रात, कंपनीचं दुकान हजारो मैल लांब, आणि शत्रूच्याच गाडीचा पार्ट आपल्या गाडीला फिट! मात्र या सौद्यात मुंबईचं नुकसान झालं. ‘त्रिंकोमाली’चे नकाशे गेले. ते इंग्लंडातून पुन्हा पाठवावे लागले, आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायला 1816 चा मे महिना उजाडला. जमशेटजी बमनजी वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी जहाज मुंबईच्या पाण्यात उतरलं. तोवर नेपोलियन सेंट हेलेना बेटावर जाऊन दोन वर्षं झाली होती! लढायला कोणी उरलं नव्हतं. जहाज इंग्लंडला पोचलं आणि 1845 पर्यंत नुसतं बांधून ठेवलं गेलं. लग्नासाठी शिवलेला सूट लग्न मोडल्यावर कपाटात राहतो, त्यातली गत.

‘त्रिंकोमाली’ कपाटात असताना आपण तिचे नकाशे बुडवणाऱ्या ‘कॉन्स्टिट्यूशन’कडे वळू. कारण पार्ट कसा बंद होतो आणि कसा पुन्हा चालू होतो, याचा पहिला धडा तिच्याकडे आहे. हे जहाज बोस्टनला 1797 मध्ये पाण्यात उतरलं. त्याच्या फासळ्यांना लाइव्ह ओक नावाचं, अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर वाढणारं लाकूड वापरलं. आता गंमत अशी, की लाकडी जहाजाला सरळ लाकूड हवं तसंच वाकडंही हवं. सरळ लाकूड तासून वाकडं केलं तर त्याचे धागे तुटतात आणि ताकद जाते. म्हणून झाडाची फांदीच मुळात वाकडी वाढलेली हवी. जहाजाच्या प्रत्येक फासळीचे, प्रत्येक कोपऱ्याचे साचे घेऊन माणसं जॉर्जियाच्या रानात शिरत आणि साच्यात बसेल असं झाड शोधत. म्हणजे पार्ट कारखान्यात होत नसे, झाडाला लागत असे! उपवर मुलीच्या बापानेही इतक्या चिकाटीने स्थळं पाहिली नसतील.

अशा पार्टाला तयार व्हायला शंभर-दीडशे वर्षं लागतात. तेव्हा तो हवा असेल तर आजोबांनी पेरलेला असला पाहिजे. पुढे 1927 मध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ची मोठी दुरुस्ती निघाली. शाळकरी मुलांनी आपली नाणी देऊन त्यासाठी वर्गणी जमवली होती. पण वर्गणी असली तरी लाकूड कुठून आणायचं? लोखंडी जहाजांच्या जमान्यात वाकडा ओक कोण विकतो? तर फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या नाविक तळावरच्या तलावात सुमारे दीड हजार टन लाइव्ह ओक बुडवून ठेवलेला सापडला. जहाजं बांधायची म्हणून 1850 च्या दशकात तो पाण्यात टाकला होता; पाण्याखाली लाकूड टिकतं. जहाजं काही बांधली गेली नाहीत, लाकूड मात्र सत्तरेक वर्षं गाळात वाट बघत पडलं. कोणा अडगळप्रेमी साहेबाने ‘नमुना असावा’ म्हणून ठेवलं असणार, असं मला उगाच वाटून गेलं, आणि डब्याची आठवण येऊन जरा टोचलं.

स्वीडनमधली कथा याहून वरताण. तिथल्या नौदलाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओकची चणचण भासली, म्हणून वेटर्न सरोवरातल्या व्हिसिंगसो बेटावर 1830 च्या दशकापासून सुमारे तीन लाख ओक लावले. सरळ वाढावेत म्हणून मध्ये इतर झाडंही लावली. मग वनखात्याने 1975 मध्ये नौदलाला रीतसर कळवलं : आपली झाडं तयार आहेत. आमच्या भाषेत, ठेवीची मुदत पूर्ण झाली, पावती घेऊन या! पण तोवर लाकडी युद्धनौका हे चलनच बाद झालेलं.

आपणही मागे नाही. मुंबईच्या गोदीला साग पुरवून पुरवून मलबारची जंगलं विरळ झाली, तेव्हा तिथले कलेक्टर कोनोली यांनी 1840 च्या दशकात केरळातल्या निलांबूरला सागाची लागवड करवली. प्रत्यक्ष रोपं जगवण्याचं काम चातू मेनन या अधिकाऱ्याने केलं. साग तरारला, पण तो कापण्याजोगा होईपर्यंत जहाजं लोखंडाची झाली होती. त्या लागवडीचा एक तुकडा अजून राखून ठेवला आहे. जगातल्या सर्वांत जुन्या सागलागवडींत त्याची गणना होते. लोक जाऊन झाडांना मिठ्या मारून फोटो काढतात.

हे सारं वाचून व्यवहारी माणूस म्हणेल, पाहा, दूरदृष्टी कशी फसते! मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण अमेरिकन नौदलाने याच्या नेमका उलटा बोध घेतला. समुद्रापासून शेकडो मैल आत, इंडियाना राज्यातल्या क्रेन इथे नौदलाचा दारूगोळ्याचा तळ आहे. तिथल्या रानातले पांढरे ओक 1976 मध्ये फक्त या एका जहाजासाठी राखून ठेवले. समुद्राचं तोंडही न पाहिलेली ती झाडं जहाजाच्या नावे उभी आहेत. पुढे 2015 ते 2017 या काळात ‘कॉन्स्टिट्यूशन’ पुन्हा गोदीत आली, तेव्हा तिथलाच ओक तिला लागला. असा पार्ट बंद होत नाही. तो दर पावसाळ्याला थोडा वाढतो.

दुसरा धडा कागदाचा. तो सांगताना कारकून म्हणून माझी छाती फुगते. जुनं लाकडी जहाज मध्ये उचललं जातं आणि दोन्ही टोकांना खाली झुकतं. ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या पाठीला असा एक फुटाहून जास्त बाक आला होता. म्हातारपणी वाकायचंच, असं कोणीही म्हटलं असतं. पण 1990 च्या दशकात तज्ज्ञांनी मूळ रचनाकार जोशुआ हम्फ्रीज यांचे दोनशे वर्षांपूर्वीचे तपशील तपासले. त्यात तळाशी तिरप्या बसवायच्या जाड तुळया लिहिलेल्या होत्या, आणि जहाजात तर त्या नाहीत! मधल्या एखाद्या दुरुस्तीत कोणीतरी त्या काढल्या होत्या आणि पुन्हा बसवल्या नव्हत्या. त्या पुन्हा घातल्या, बाक सरळ झाला, आणि 21 जुलै 1997 रोजी ‘कॉन्स्टिट्यूशन’ तब्बल 116 वर्षांनी स्वतःच्या शिडांवर चालली. तेव्हा वाचकहो, जुनी फाइल जाळण्यापूर्वी चार वेळा विचार करा. तिच्यात कोणाच्या तरी पाठीचा कणा असू शकतो.

तिसरा धडा हातांचा, आणि तो शिकायला पुन्हा आपल्या ‘त्रिंकोमाली’कडे यायला हवं. तिला 1897 मध्ये चक्क भंगारात विकलं होतं. त्याच वर्षी नेल्सनचं जुनं जहाज ‘फुद्रॉयां’ ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. त्याचे मालक व्हीटली कॉब यांनी भंगारवाल्याकडून ‘त्रिंकोमाली’ विकत घेतली, तिला ‘फुद्रॉयां’ हे नाव दिलं आणि तिच्यावर मुलांना दर्यावर्दीपणाचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. हे 1986 पर्यंत चाललं. तिला दुसऱ्याचं नाव मिळालं, पण जीव वाचला. सासरी नाव बदलण्याच्या प्रथेविरुद्ध माझं मत काहीही असो, इथे मी गप्प बसतो.

मग तिची दुरुस्ती कोण करणार? इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे. तिथली जहाजबांधणी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली होती. पण 1979 मध्ये तिथे ‘वॉरियर’ नावाची 1860 सालची लोखंडी युद्धनौका आणली गेली. ती पन्नास वर्षं तेलवाहू जहाजं लावायचा धक्का म्हणून वापरलेली. शिडं, डोलकाठ्या, इंजिन, तोफा, काही शिल्लक नव्हतं. दुकानात ‘वॉरियरचं इंजिन आहे का?’ विचारायची सोय नाही. तेव्हा तिथल्या माणसांनी एक एक वस्तू पुन्हा घडवली. उरलेल्या खऱ्या तोफा शोधून त्यांचे साचे घेतले आणि त्यांवरून फायबरग्लासच्या तोफा केल्या. या कामात आठ वर्षं गेली, आणि त्या आठ वर्षांत एका गावाचे हात पुन्हा चालू झाले. ‘वॉरियर’ 1987 मध्ये पोर्ट्‌समथला गेली, आणि त्याच वर्षी ‘त्रिंकोमाली’ हार्टलपूलला आली. काम 2001 पर्यंत चाललं. सुमारे एक कोटी पौंड खर्च आला. आमच्या वहीप्रमाणे एक रुपया किमतीच्या वस्तूवर!

आणि उघडून पाहिलं तर काय? मुंबईचा साग बहुतेक जागी ठणठणीत. निम्म्याहून जास्त लाकूड अजून मूळचंच आहे. आज ती आपल्या खऱ्या नावाने हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. तिच्या नाकाशी फेटा बांधलेल्या मिशाळ माणसाचा पुतळा आहे. तिकडच्या थंडीत तो कसा राहतो कोण जाणे.

‘कॉन्स्टिट्यूशन’ची गोष्ट वेगळी. तिच्यात मूळ लाकूड दहा-पंधरा टक्केच उरलं आहे असं म्हणतात. तेव्हा फळ्या बदलत गेलेलं जहाज तेच राहतं का, हा प्रश्न येतो. ग्रीक पंडितांनी थिसियसच्या जहाजावरून यावर पूर्वीच वाद घातला आहे. मला त्यात मोठंसं कोडं दिसत नाही. नोव्हेंबरात माझ्यासमोर येणाऱ्या पेन्शनरांचे दात बदललेले असतात, गुडघे बदललेले असतात, डोळ्यांत भिंग असतं, आणि सही तर एकाचीही जुन्या सहीशी जुळत नाही. तरी मी हयातीचा दाखला घेतोच. समोरचा माणूस तोच आहे हे मला कशावरून कळतं? बरोबर आलेली मुलगी “बाबा, इथे सही करा” म्हणते, त्यावरून. जहाजाचंही तसंच असावं. ‘हे आमचं’ म्हणणारं कोणी सोबत असेल तोवर ते हयात.

हे सगळं वाचून झाल्यावर मी फॅन बगलेत मारला आणि त्या पेन्शनर काकांनी सांगितलेल्या पत्त्यावर, एका बोळातल्या लेथवाल्याकडे गेलो. सत्तरीचा माणूस. त्याने दांडा फिरवून पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, “जुना नमुना आहे का? हे झिजून वाकडं झालंय. ह्याच्यावरून माप येत नाही. आधीचं एखादं असतं तर बरं झालं असतं.”

आधीचं एखादं होतं. चिठ्ठीत गुंडाळून, तारीख घालून ठेवलेलं होतं. मी ते अकरा रुपयांना विकून भजी खाल्ली होती.

हे मी त्याला सांगितलं नाही. “नाही हो, राहिलं नाही” एवढंच म्हणालो. त्याने दांड्याचं माप घेतलं, अंदाजाने एक बुश कातलं, ते घट्ट झालं. दुसरं कातलं, ते सैल झालं. तिसऱ्याला फॅन फिरला. तीन बुशांचे पैसे मी विनातक्रार दिले. नमुन्याची किंमत किती असते, हे मला आता पक्कं कळलं होतं.

निघताना मी झिजलेलं बुश मागून घेतलं. तो माझ्याकडे बघून हसला. असं मागणारं गिऱ्हाईक बऱ्याच दिवसांत आलं नसावं. घरी आल्यावर मी ते कागदात गुंडाळलं आणि वर तारीख घातली. डालड्याचे डबे आता कुठे मिळायला? तोही पार्ट बंदच. शेवटी सौ.ने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा रिकामा करून दिला.

“कशाला हवंय हे मेलेलं?” तिने विचारलं.

“नमुना असावा,” मी म्हणालो. आवाज थेट बाबांसारखा आला.

मुलगा फॅनसमोर बसला होता. त्याने वळून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा डब्याकडे. हा डबा पुढे कितीला जाईल याचा अंदाज घेत असावा.